बीजप्रसार आणि पिकांचा उगम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानटी वनस्पतींची पिके कशी झाली, हे सांगताना आपण बहुधा माणसापासून सुरुवात करतो: त्याला भूक लागली, त्याने चांगले दाणे निवडले, ते पेरले आणि शेती सुरू झाली. पुढील प्रश्नोत्तरांत तोच इतिहास वनस्पतीच्या बाजूने, म्हणजे तिची बी एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी जाते या अंगाने, मांडला आहे. पिकांच्या उगमाचा पहिला टप्पा समजून घेण्यासाठी हीच बाजू अधिक उपयोगी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बीजप्रसार म्हणजे काय आणि वनस्पतीला त्याची एवढी गरज का असते?

वनस्पती जागची हलू शकत नाही. प्रवासाची संधी तिला बीच्या अवस्थेतच मिळते. बी जन्मदात्या झाडाखालीच पडली, तर तिला सावलीत, त्याच झाडाच्या मुळांशी झगडत आणि तेथे आधीच जमलेल्या किडी-बुरशींना तोंड देत वाढावे लागते. म्हणून लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत वनस्पतींनी वारा, पाणी, पक्षी, सस्तन प्राणी, अगदी मुंग्यांनाही वाहक बनवले आहे. चार्ल्स डार्विनने एका तित्तिरवर्गीय पक्ष्याच्या पायाला चिकटलेला मातीचा गोळा घेऊन, तो ओला करून ठेवला, तेव्हा त्यातून तब्बल ८२ रोपे उगवली. पक्ष्याने काही मनात धरून ती माती वाहून नेली नव्हती, हे येथे लक्षात ठेवावे. पुढील बहुतेक उत्तरांत या मुद्द्याशी पुन्हा गाठ पडेल.

पिकांच्या उगमाशी याचा संबंध कसा येतो?

बहुतेक पिकांत सर्वप्रथम जे गुण बदलले, ते बीजप्रसाराचे गुण होते. तृणधान्यांचे दाणे आपोआप झडेनासे झाले, कडधान्यांच्या शेंगा तडकेनाशा झाल्या, बियांची सुप्तावस्था संपली, त्यांची कवचे पातळ झाली आणि फळे देठाला धरून राहू लागली. हे सारे बदल एकत्र पाहिले तर त्यांचा अर्थ एकच लागतो: या वनस्पतींनी आपला जुना वाहक सोडला आणि माणूस हा नवा वाहक धरला. चव, रंग, उत्पन्न यांसारख्या ज्या गुणांसाठी आज पिकांची वाखाणणी होते, त्यांतील पुष्कळ गुण नंतरचे आहेत.

रानटी गहू आणि लागवडीतला गहू यांत नेमका फरक कोणता?

रानटी गव्हाची ओंबी पिकली की ती सांध्या-सांध्यांतून सुटते. ओंबीच्या मधल्या दांड्यावर प्रत्येक कणिशकाखाली, म्हणजे दाणे धरणाऱ्या छोट्या गुच्छाखाली, पेशींचा एक कमकुवत थर असतो. दाणा पक्व झाला की तो थर तुटतो आणि कणिशक बाणासारखे खाली पडते. त्याला जोडलेली लांब कुसळे केवळ शोभेची नसतात. दिवसाची कोरडी हवा आणि रात्रीचा दमटपणा यांमुळे ती आळीपाळीने फाकतात व मिटतात, त्यांवरील बारीक उलटे काटे मागे सरकू देत नाहीत, आणि अशा रीतीने दाणा हळूहळू जमिनीत शिरतो. कुसळांची ही हालचाल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सविस्तर दाखवली गेली. थोडक्यात, रानटी गहू स्वतःची पेरणी स्वतःच करतो.

लागवडीतल्या गव्हात तो कमकुवत थर तयार होत नाही. ओंबी पिकूनही अखंड राहते आणि दाणे सुटे करण्यासाठी मळणी करावी लागते. मनुष्य नसेल तर अशी ओंबी उभीच वाळते, किंवा जमिनीवर पडून तिचे सगळे दाणे एकाच जागी दाटीने उगवतात. रानात हा गुण घातकच ठरेल. शेतात मात्र त्याच गुणाने ही वनस्पती जगभर पोहोचली.

हा फरक हजारो वर्षांपूर्वीच्या अवशेषांत कळतो कसा?

जळून कोळसा झालेले ओंबीचे सांधे उत्खननात सापडतात. नैसर्गिकरीत्या सुटलेल्या सांध्याची खूण गुळगुळीत असते, तर मळणीत मोडलेल्या सांध्याची खूण फाटलेली, खडबडीत असते. भाताच्या बाबतीत दाण्याच्या तळाशी अशीच खूण राहते. एकेक सांधा भिंगाखाली तपासून दोन्हींचे प्रमाण मोजले की, त्या वस्तीतील धान्य रानटी होते, लागवडीचे होते की मधल्या वाटेवर होते, याचा अंदाज बांधता येतो. काम कंटाळवाणे आहे, पण पिकांच्या उगमाविषयीचे जुने अनेक समज याच मोजणीने बदलले.

न झडणारी ओंबी माणसाने हेरून मुद्दाम निवडली का?

तशी गरज नव्हती, आणि बहुधा तसे घडलेही नाही. रानटी गव्हाच्या ताटव्यात न झडणारी रोपे उत्परिवर्तनाने अधूनमधून निर्माण होतच असतात. समजा, ओंब्या पिकल्यावर कोणी विळ्याने कापणी केली. धक्क्याने झडणारे दाणे जमिनीवर सांडले आणि न झडणाऱ्या ओंब्या पेंढीत बांधल्या गेल्या. त्यामुळे घरी आलेल्या धान्यात न झडणाऱ्या दाण्यांचे प्रमाण शेतातल्यापेक्षा किंचित वाढले. त्याच धान्यातून पुढच्या वर्षी नव्या जमिनीत पेरणी झाली की हा किंचित फरक पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. कापणाऱ्याला यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नाही. डार्विनने १८६८ मध्ये माणसाळलेल्या प्राणी-वनस्पतींवरील ग्रंथात अशा अजाणता निवडीला मोठे महत्त्व दिले होते.

मात्र हा परिणाम कापणीच्या पद्धतीवर अवलंबून असतो. ओंब्या हिरवट असतानाच कापल्या तर दोन्ही प्रकारचे दाणे सारखेच घरी येतात आणि निवड होत नाही. पिकलेल्या ताटव्यात फिरून, ओंब्या झोडपून दाणे टोपलीत पाडले तर उलट झडणारेच दाणे गोळा होतात. शिवाय पेरणी त्याच जमिनीत केली तर आधी सांडलेले झडणारे दाणेही तेथेच उगवतात आणि निवडीची धार बोथट होते. धान्य गोळा करणे आणि धान्य पीक बनणे यांत एवढे अंतर आहे. आजच्या इस्रायलमधील ओहालो या ठिकाणी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे लोक रानटी जव आणि गहू खात होते, पण त्यानंतर कित्येक हजार वर्षे ही धान्ये रानटीच राहिली.

रानटी धान्य गोळा करणे परवडण्यासारखे होते का?

होते. जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये आग्नेय तुर्कस्तानातील काराजादाग पर्वताच्या उतारावर आइनकॉर्न या रानटी गव्हाची कापणी हाताने आणि गारगोटीच्या विळ्याने करून पाहिली. तासाभरात साधारण १ किलो स्वच्छ धान्य मिळेल, असे त्याला आढळले. एखादे कुटुंब तीन आठवडे राबले तर वर्षभराच्या गरजेहून अधिक धान्य जमवू शकेल, असा त्याचा हिशेब होता. तेव्हा भुकेने पिचलेल्या माणसाने नाइलाजाने शेती शोधली, हे चित्र निदान त्या प्रदेशाला लागू पडत नाही.

हा बदल व्हायला किती काळ लागला?

गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाधारित गणितानुसार, परिस्थिती अगदी अनुकूल असेल तर आइनकॉर्न २० ते ३० वर्षांत, आणि एरवी सुमारे २०० वर्षांत न झडणारा होऊ शकतो. हे गणित चुकीचे नाही. विशिष्ट पद्धतीने, न चुकता, दरवर्षी कापणी-पेरणी झाली तर काय होईल, हे ते सांगते. प्रत्यक्ष अवशेष मात्र फार संथ चाल दाखवतात. पश्चिम आशियात न झडणाऱ्या ओंब्यांचे प्रमाण वाढून ते सर्वत्र पसरायला हजार-दोन हजार वर्षे, किंवा त्याहूनही अधिक काळ लागला. चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातील त्येनलुओशान येथे भाताच्या दाण्यांच्या तळांची मोजणी झाली, तेव्हा न झडणाऱ्या दाण्यांचे प्रमाण सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या ३०० वर्षांत २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलेले दिसले.

या संथपणाची कारणे समजण्याजोगी आहेत. पीक बुडालेल्या वर्षी लोक पुन्हा रानातून बियाणे आणत असणार. रानटी ताटवे शेताला लागूनच असल्याने संकर होत राहत असणार. आणि दाणे झडण्याआधी, म्हणजे थोडी घाई करूनच, कापणी करणे हे शहाणपणाचे असले तरी त्यामुळे निवड मंदावत असणार. गहू आणि जव यांत दाण्यांचा आकार वाढण्याची सुरुवात न झडण्याचा गुण सर्वत्र पसरण्याआधीच झालेली दिसते. नांगरलेल्या किंवा खणलेल्या जमिनीत खोल गाडल्या गेलेल्या मोठ्या दाण्यातील कोंबाला वर येण्याइतकी शिदोरी असते, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. त्यातही कोणाचा हेतू मानावा लागत नाही.

यामागची जनुके सापडली आहेत का?

काही सापडली आहेत. जवामध्ये बीटीआर१ आणि बीटीआर२ ही शेजारशेजारची दोन जनुके दाणे झडण्यासाठी आवश्यक असतात. त्यांपैकी कोणतेही एक निकामी झाले की ओंबी अखंड राहते. २०१५ मधील संशोधनाने असे दाखवले की हे दोन बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी, स्वतंत्रपणे घडले. म्हणजे जव निदान दोनदा या वाटेने गेला. एमर या गव्हात दोन वेगळ्या पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे संच एकत्र असल्याने दोन्ही संचांतील जनुके निकामी व्हावी लागतात. भातात एसएच४ या जनुकातील एका बदलामुळे केवळ एक अमिनो आम्ल बदलते आणि दाणा सुटण्याचा थर नीट तयार होत नाही, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. तेवढ्याने काम भागले नसावे, असे नंतरचे प्रयोग सांगतात: फाकलेली लोंबी मिटलेली होणे, हा बदलही दाणे धरून ठेवण्यास हातभार लावतो.

कडधान्यांची गोष्ट वेगळी आहे का?

थोडी वेगळी आहे. रानटी वाटाणा किंवा मसूर यांची शेंग वाळताना तिच्या दोन्ही फाका पीळ घेतात, शेंग तडकते आणि दाणे दूर उडतात. न तडकणारी शेंग ही येथे न झडणाऱ्या ओंबीची जागा घेते. पण कडधान्यांत अधिक मोठी अडचण सुप्तावस्थेची असते. रानटी बियांचे कवच पाण्याला आत शिरू देत नाही. त्यामुळे पेरलेल्या बियांपैकी थोड्याच त्या वर्षी उगवतात आणि बाकीच्या पुढील वर्षांसाठी जमिनीत पडून राहतात. दुष्काळी वर्षी सगळी संतती एकदम नष्ट होऊ नये, यासाठीचा तो काळातला प्रसार आहे. शेतात मात्र जी बी त्याच हंगामात उगवते, तिचेच दाणे कापणीत येतात; म्हणून सुप्तावस्था असलेल्या बियांचा वाटा आपोआप घटत जातो.

ज्यांच्या बिया बारीक होत्या, त्या रानटी गवतांकडे माणूस मुळात वळलाच का?

हा प्रश्न अभ्यासकांनाही दीर्घकाळ छळत होता, कारण अशा बिया गोळा करणे वेळखाऊ असते. येथे डॅनियल जॅन्झन या परिसंस्थाशास्त्रज्ञाची १९८४ मधील एक कल्पना उपयोगी पडते. त्याच्या मते काही वनस्पतींना गोड फळाची गरज नसते, कारण त्यांची पाने हेच त्यांचे फळ असते. चरणारा मोठा प्राणी पानांसकट बारीक, कठीण कवचाच्या बिया गिळतो आणि त्या दूरवर शेणातून टाकतो. बी बारीक असल्याने ती दातांतून निसटते आणि कवच कठीण असल्याने ती पोटात टिकते.

रॉबर्ट स्पेंगलर आणि नताली म्यूलर यांनी २०१९ मध्ये हा धागा पिकांच्या उगमाशी जोडला. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मका येण्याआधी चाकवताच्या कुळातील एक वनस्पती, छोटा जव, मेग्रास, सम्पवीड यांसारखी पिके घेतली जात होती. पुढे ती लागवडीतून नाहीशी झाली. आज या वनस्पती तुरळक, विखुरलेल्या आढळतात, म्हणून त्यांची कापणी करणे अव्यवहार्य वाटते. पण ज्या गवताळ प्रदेशांत बायसनचे कळप पुन्हा सोडले गेले, तेथे त्यांच्या वाटांवर या वनस्पतींचे दाट पट्टे उभे राहिलेले दिसले. म्हणजे त्या काळच्या माणसाला कापणीजोगा ताटवा शोधण्यासाठी कळपाच्या वाटेने चालणे पुरेसे होते. पुढे माणूस स्वतःच वाहक झाला, तेव्हा पचनसंस्थेतून टिकून जाण्यासाठी असलेल्या जाड कवचाचे प्रयोजन उरले नाही. त्याच प्रदेशात सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या चाकवतवर्गीय बियांची कवचे पातळ झालेली आढळतात.

मोठी फळे माणसाने मोठी केली, की ती आधीच मोठी होती?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. जॅन्झन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये असे मांडले की अमेरिका खंडांतील अनेक मोठी फळे आज कोणत्याही स्थानिक प्राण्याच्या घशाखाली उतरत नाहीत, कारण ती ज्यांच्यासाठी उत्क्रांत झाली ते गॉम्फोथेरसारखे हत्तीवर्गीय प्राणी आणि जमिनीवरचे अवाढव्य स्लॉथ हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले. ॲव्होकॅडो हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. वाहक गेला, फळ मात्र तेच राहिले.

भोपळ्याच्या कुळाचा पुरावा अधिक थेट आहे. फ्लोरिडात मॅस्टोडॉन या नामशेष हत्तीवर्गीय प्राण्याच्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेणात रानटी भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. हे रानटी भोपळे अतिशय कडू असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की कडू चव ओळखणारी जनुके लहान सस्तन प्राण्यांत अधिक, तर प्रचंड आकाराच्या प्राण्यांत कमी असतात. त्यामुळे तो कडूपणा बिया कुरतडणाऱ्या उंदीरवर्गीयांना दूर ठेवत असे आणि मॅस्टोडॉनला फारसा जाणवत नसे. महाकाय प्राणी संपल्यावर रानटी भोपळ्यांचे क्षेत्र आक्रसले. लागवडीत गेलेले प्रकार मात्र पसरले. मेक्सिकोतील ओआहाका येथील गिला नाकित्स गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया मिळाल्या आहेत.

सफरचंदाचेही असेच आहे. मध्य आशियातील त्येनशान पर्वतात वाढणाऱ्या रानटी सफरचंदांची फळे पक्ष्यांनी गिळण्याजोग्या छोट्या जंगली जातींपेक्षा कितीतरी मोठी असतात. निकोलाय वाविलोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये अल्माटी परिसरात ही झाडे पाहिली आणि सफरचंदाचे मूळ तेथेच असल्याचे ओळखले. तो मोठेपणा सस्तन प्राण्यांना आकर्षित करण्यासाठी, शेतकरी येण्याच्या फार आधी घडला होता. माणसाने पुढे दूरदूरच्या जाती एकमेकींजवळ आणल्या, त्यांचे संकर झाले, आणि आवडलेले झाड कलम करून जसेच्या तसे टिकवले.

मिरची तिखट असूनही पीक कशी झाली?

मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो. पक्ष्यांना तो जाणवत नाही. सस्तन प्राणी बिया चावून नष्ट करतात, तर पक्ष्यांच्या पोटातून त्या उगवणक्षम बाहेर पडतात, असे जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी २००१ मध्ये दाखवले. रानटी मिरची म्हणूनच छोटी, लाल, आकाशाकडे उभी आणि पिकताच देठातून सहज सुटणारी असते. लागवडीतली मिरची मोठी, खाली लोंबणारी आणि देठाला घट्ट धरून राहणारी असते. म्हणजे पक्ष्यांसाठी केलेली सारी मांडणी बदलली. एका सस्तन प्राण्याने, त्याला दूर ठेवण्यासाठीच निर्माण झालेल्या रसायनाची आवड लावून घेतली, ही या इतिहासातील मोठी गंमत आहे.

तणांचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या तणाची बी जर गव्हाबरोबर कापली, मळली आणि पेरली गेली, तर त्या तणालाही फुकट वाहक मिळतो. अशा तणांत न झडणारी कणसे आणि गव्हासारखे दाणे यांची निवड होत जाते. राय आणि ओट ही धान्ये अशीच तणातून पीक बनली, असे वाविलोवने दाखवून दिले: डोंगराळ, थंड भागात गहू मार खाऊ लागला की त्यातील रायचे प्रमाण वाढत जाते आणि अखेर शेतच रायचे होते. रायला पीक करण्याचे कोणी ठरवलेले नसताना तिच्यात पिकाचे गुण आले, हे अजाणता निवडीच्या बाजूचे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण आहे. उलट दिशेचा प्रवासही होतो. भातशेतीतील तणभात काही ठिकाणी लागवडीच्या भातापासूनच निर्माण झाला आणि त्याने दाणे झडण्याचा गुण पुन्हा मिळवला.

मका माणसावाचून स्वतःहून पसरू शकत नाही, हे खरे का?

खरे आहे. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे याच्या कणसात मोजके दाणे असतात, प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात बंद असतो आणि कणीस पिकल्यावर दाणे सुटे होऊन पडतात. मक्याचे दाणे उघडे, दांड्याला चिकटलेले आणि पानांत गुंडाळलेले असतात, म्हणून ते आपोआप सुटून पसरू शकत नाहीत. कवच उघडे पडण्यामागे मुख्यतः टीजीए१ या एका जनुकातील बदल आहे. मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ८,७०० वर्षांपूर्वी मका वापरात होता.

ज्यांची लागवड बियांवाचून होते, त्या पिकांना हे लागू पडते का?

अंशतःच. केळी, सुरण, रताळे यांचा प्रसार कंद किंवा मुनव्यांनी होतो. न्यू गिनीतील कूक येथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती आणि खाण्याच्या केळीत बियाच उरल्या नाहीत. तेथेही माणूसच वाहक आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या साचणाऱ्या बीजनिवडीचा नियम अशा पिकांना जसाच्या तसा लावू नये.

मग आद्य शेतकऱ्यांच्या बुद्धीला काहीच श्रेय नाही का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कोणती वनस्पती केव्हा पिकते, कोठे उगवते, कशी साठवावी, याचे त्यांचे ज्ञान सूक्ष्म होते. त्याशिवाय पेरणीच झाली नसती. मुद्दा एवढाच आहे की हजार वर्षांनी येणाऱ्या फळासाठी कोणी काम करत नसते. हेतूशिवायही शेती उभी राहू शकते, याचा दाखला फिजी बेटांवरील फिलिड्रिस नागासाऊ ही मुंगी देते. ती स्क्वामेलारिया या वनस्पतीच्या सहा जातींच्या बिया गोळा करून झाडांच्या सालीतील भेगांत पेरते, रोपांना आपल्या विष्ठेचे खत देते आणि त्यांच्या पोकळ फुगीर भागांत राहते. हे नाते सुमारे ३० लाख वर्षे जुने आहे आणि आज दोघींपैकी कोणीही एकमेकींवाचून जगू शकत नाही.

असे बदल आजही घडवता येतात का?

येतात, आणि आता ते जाणीवपूर्वक होतात. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत वाढणारा तेथील रानभात हे शिकण्यासारखे उदाहरण आहे. तेथील ओजिब्वे हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या होडीत बसून, लोंब्या काठीने झोडपून सुटे दाणे होडीत पाडत आले आहेत. उरलेले दाणे पाण्यात पडून पुन्हा उगवतात. या पद्धतीत झडणाऱ्या दाण्यांनाच प्राधान्य मिळते, म्हणून शतकानुशतके कापणी होऊनही ही वनस्पती रानटीच राहिली. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बांधबंदिस्त शेतांत तिची लागवड सुरू झाली आणि दाणे कमी झडणारी रोपे निवडून वाण तयार करण्यात आले. आता तो भात यंत्राने कापता येतो. सरोवरांतील भात मात्र अजूनही झडतो, आणि होडीतून कापणी करणाऱ्यांना तो तसाच हवा असतो.